गोष्टीचा तास: वाचनालयात लहान मुलांचे कार्यक्रम कसे आखावेत

गोष्ट सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. दोन वर्षांची एक मुलगी उठली, माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी गेली आणि तास संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. तिची आई कानकोंडी झाली. जाताना म्हणाली, "ताई, हिचं लक्षच नसतं. उगाच आणलं." पुढच्या आठवड्यात तीच आई आपणहून बोलायला आली. घरी या मुलीनं बाहुलीला उशीवर बसवलं होतं, पुस्तक उलटं धरलं होतं, आणि 'उलटायचं का पान?' असं मी ज्या सुरात विचारते, अगदी त्याच सुरात ती बाहुलीला विचारत होती.

त्या दिवसापासून मी तास आखायची पद्धत बदलली. आठवड्यात १६८ तास असतात आणि मूल वाचनालयाच्या सतरंजीवर त्यातला अर्धाच तास बसतं. त्या अर्ध्या तासात मी त्याला वाचायला शिकवू शकत नाही. पण त्याला घेऊन आलेल्या आईला, बाबांना, आजीला घरी करता येईल अशी एखादी गोष्ट डोळ्यांसमोर करून दाखवू शकते. पुढं जे सांगणार आहे ते सगळं याच एका समजुतीवर उभं आहे. नव्यानं बालविभाग सुरू करणारे ग्रंथपाल, स्वयंसेवक आणि आपल्या वाचनालयाकडे असा तास मागू पाहणारे पालक, सगळ्यांनाच हे उपयोगी पडेल.

आधी खोली आणि नियम

कपाटांपासून सुरुवात करा. दोन वर्षांच्या मुलाचा हात जिथं पोचतो तिथं पुस्तक हवं, आणि त्याचं मुखपृष्ठ समोर दिसायला हवं. मुलाला अजून वाचता येत नाही, तेव्हा उभ्या लावलेल्या पुस्तकांच्या कण्यांमध्ये त्याला काय दिसणार? सगळी पुस्तकं अशी मांडायला जागा पुरणार नाही. मग वीस-पंचवीस मांडा आणि दर आठवड्याला बदला. बाकीची उघड्या खोक्यांत ठेवा, म्हणजे मुलांना पत्त्यांसारखी चाळता येतील.

मोठ्यांना बसायला जागा त्याच सतरंजीवर करा. खुर्च्या भिंतीला लावल्या की पालक भिंतीला टेकतात आणि मोबाइल बाहेर येतो. शेजारी बसलेला मोठा माणूस गाणं म्हणतो, टाळ्या वाजवतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांसाठी चार खुर्च्या वर्तुळातच ठेवा, मागं नको.

एक वर्षाच्या आतली मुलं पुस्तक चावणारच. त्यांच्यासाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं वेगळी ठेवा आणि तास संपल्यावर किंचित ओल्या, साबणाच्या फडक्यानं पुसून वाळवा. फाटलेल्या पानासाठी मुलासमोर पालकांना बोल लावू नका. तसं एकदा झालं, की ते घर पुस्तक कपाटावर 'नीट' ठेवतं आणि मुलाचा हात तिथं कधीच पोचत नाही.

सभासदत्व जन्मापासून द्या. वयाची अट असलेली नियमावली अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं तशीच चालत आलेली असते. तिचा फेरविचार करायला सांगा. उशिराच्या दंडाचंही तसंच. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०२१ मध्ये उशिराचा दंड पूर्णपणे बंद केला. दंडाच्या धास्तीनं सगळ्यात आधी जी घरं वाचनालयापासून तुटतात, त्यांनाच पुस्तकांची जास्त गरज असते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांमधलं पहिलंच सूत्र आहे, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. बालविभागाचे नियम लिहिताना ते समोर ठेवा.

गट कसे करावेत

सगळ्या वयाच्या मुलांना एकत्र बसवण्याचा मोह टाळा. पाच वर्षांच्या मुलाला गोष्टीत पुढं काय होणार याची उत्सुकता असते. दीड वर्षाच्या मुलाला पान उलटण्याचीच उत्सुकता असते. एकाची गोष्ट दुसऱ्याला अडथळा वाटते.

दीड वर्षापर्यंतच्या बाळांचा गट मांडीवरचा. पंधरा मिनिटं पुरे, आठ-दहा बाळांहून जास्त नको. इथं गाणी आणि हालचाल जास्त, पुस्तक एखादंच. दीड ते तीन वर्षांचा गट सगळ्यात चळवळ्या, त्याला वीस मिनिटं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अर्धा तास देता येतो, दोन-तीन गोष्टी आणि थोडं चित्र किंवा नाटुकलं. सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी वेगळाच बेत लागतो, त्याबद्दल पुढं.

माणसंच कमी असतील आणि एकच तास घेता येत असेल, तर गाणी सगळ्यात लहान मुलांना धरून निवडा आणि गोष्ट मधल्या वयाला धरून. मोठ्या मुलांना काम द्या. पुस्तक धरायला, गाण्याची सुरुवात करायला ती आनंदानं पुढं येतात.

वीस मिनिटांचा आराखडा

दीड ते तीन वर्षांच्या गटाचा माझा आराखडा असा. स्वागताचं गाणं तीन मिनिटं, त्यात प्रत्येक मुलाचं नाव येतं. पहिलं, जरा मोठं पुस्तक पाच मिनिटं. बोटांचं गाणं तीन मिनिटं, तेच लागोपाठ दोनदा. उठून उड्या, गिरक्या, हत्तीची चाल तीन मिनिटं. दुसरं छोटं पुस्तक तीन मिनिटं. पालकांसाठी एक वाक्य, एक मिनिट. निरोपाचं गाणं दोन मिनिटं. त्यानंतरची वीस मिनिटं सतरंजीवर पुस्तकं पसरलेली असतात आणि कुणीही कुणालाही वाचून दाखवतं. खरं काम या मोकळ्या वीस मिनिटांत होतं, म्हणून घाईनं दिवे मालवू नका.

सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वर्षभर बदलू नका. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. ठरलेलं गाणं कानावर पडलं, की बुजरं मूलही आता काय होणार हे ओळखतं आणि आईच्या मागून बाहेर येतं. पुस्तकही लागोपाठ दोन आठवडे तेच घ्यायला हरकत नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलं शेवटचे शब्द आधीच म्हणायला लागतात. 'तेच काय परत?' असं एखाद्या पालकानं विचारलं, तर त्यांना मुलांकडे बघायला सांगा.

जे मूल उठून फिरतं, त्याला फिरू द्या. दाराकडे लक्ष ठेवायला एक माणूस नेमा, म्हणजे पालक निर्धास्त राहतील. पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा, 'मुलं उठतील, फिरतील, चालेल. फिरतानाही ती ऐकत असतात.' मी हे दर तासाला सांगते, कारण दर तासाला कुणीतरी नवीन येतं आणि ओशाळतं.

मोठ्या आवाजाचा, गर्दीचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी एक कोपरा शांत ठेवा आणि आज काय काय होणार हे चित्रांच्या पट्टीवर क्रमानं लावा. कमी दिसणाऱ्या मुलांसाठी हाताला कळतील अशी, कापड-दोरा-बटणं लावलेली पुस्तकं स्वयंसेवकांकडून करून घेता येतात. जागतिक ग्रंथालय महासंघ इफ्लाची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना धरून लिहिलेली आहेत, अपंगत्व असलेली मुलंही त्यात आली. सेवा आखतानाच ती मुलं डोळ्यांसमोर असतील, तर पुढं ठिगळं लावावी लागत नाहीत.

पुस्तक निवडताना

पुस्तक भिंतीला टेकवून ठेवा आणि आठ-दहा फुटांवर जाऊन उभे राहा. चित्रात काय चाललंय ते तिथून कळत नसेल, तर ते पुस्तक कितीही सुंदर असलं तरी गटासाठी नाही, मांडीवर वाचण्यासाठी आहे. मग ते मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलेलं भाषांतर बऱ्याचदा चांगलं वाटतं आणि तोंडानं म्हणताना अडखळतं. जिभेला जे वाक्य वळत नाही, ते कानालाही लागत नाही.

लहानांसाठी एका पानावर दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नसावा, आणि परत परत येणारं एखादं वाक्य असावं. तात्पर्य सांगणाऱ्या गोष्टी मी कमीच घेते. शेवटच्या पानावरचा उपदेश सुरू झाला की मुलांचे डोळे सैल पडतात.

अवघड शब्द मात्र गाळू नका. पुस्तकात 'ओशाळला' असेल तर त्याचं 'लाजला' करू नका. 'लुकलुकणारा' दिवा, 'किर्र' रान, 'उंबरठा', 'गारठा' हे शब्द रोजच्या बोलण्यात मुलांच्या कानावर फारसे पडत नाहीत. हेज आणि अहरेन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये इंग्रजीबाबत दाखवलं, की शिकलेली मोठी माणसं एकमेकांशी बोलताना जेवढे अनवट शब्द वापरतात, त्यापेक्षा जास्त मुलांच्या पुस्तकांत सापडतात. मराठी पुस्तक उघडून बघा, इथंही तेच जाणवेल. शब्द वाचा, चेहऱ्यानं किंवा हातानं करून दाखवा आणि पुढं जा. थांबून व्याख्या दिली की गोष्ट मरते.

घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांना ठामपणे सांगा, 'तुमच्या भाषेतच बोला, गा, गोष्टी सांगा.' ज्या भाषेत आई सहज बोलते, त्याच भाषेत मूल जास्त ऐकतं आणि जास्त विचारतं. 'मुलाशी घरी शाळेच्याच भाषेत बोला' असा सल्ला ऐकून गप्प झालेल्या आया मी पाहिल्या आहेत.

वाचून कसं दाखवावं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा रेंगाळते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या पालकांना त्यांनी थोडं प्रशिक्षण दिलं: वाचताना मुलाला बोलतं करा, उघडे प्रश्न विचारा, मूल जे म्हणेल त्यात थोडी भर घाला. महिन्याभरानंतर ही मुलं बोलण्याच्या भाषेत, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढं गेली होती. याला आपण संवादी वाचन म्हणू. प्रत्यक्षात ते असं दिसतं:

"अगं, हे कोण बसलंय झाडावर?"
"भूभू!"
"हो गं, भूभू! लांब शेपटीचा काळा भूभू. पण हा झाडावर कसा चढला असेल?"
"उली माल्ली."
"उडी मारली! एवढी उंच उडी मारली त्यानं!"

इथं आईनं एकदाही 'असं नाही, नीट म्हण' म्हटलेलं नाही. मुलीचा शब्द तिनं उचलला, त्याला दोन शब्द जोडले आणि परत दिला. पालकांना एवढंच शिकवायचं आहे: विचारा, ऐका, भर घाला, आणि मुलाला हवं तर परत म्हणू द्या. 'हा रंग कोणता? किती फुलं आहेत?' हे प्रश्न परीक्षेचे आहेत. अधूनमधून चालतात, पण रोज तेच आले की मूल पुस्तक मिटतं. 'तू असतीस तर काय केलं असतंस?' या प्रश्नाला चूक उत्तरच नसतं.

गटात मात्र प्रत्येक पानावर प्रश्न विचारू नका. वीस मुलांची वीस उत्तरं ऐकता ऐकता गोष्टीचा धागा सुटतो. आधीच दोन-तीन जागा ठरवून ठेवा, पानांना छोटी चिठ्ठी लावा आणि तिथंच थांबा. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. लहान मुलाला शब्द सापडायला वेळ लागतो, आणि ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही.

अक्षरांचं काय?

'तुम्ही इथं बाराखडी घेता का?' हा प्रश्न दर महिन्याला येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: बाराखडी घोकून घेत नाही, पण अक्षरांची वाट तयार करतो.

गॉफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र मी पालकांना फळ्यावर लिहून दाखवते: वाचन म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरं खडाखडा वाचणारं पण अर्थ न कळणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाच वर्षांच्या आत गोष्टींनी, गाण्यांनी, गप्पांनी भाषेची बाजू भरत न्यायची आणि उलगड्याची तयारी आवाजांच्या खेळातून करायची.

नावातले आवाज टाळ्यांनी तोडा. 'मगर' म्हणताना मुलं दोनच टाळ्या वाजवतील, म-गर. लिहिताना अक्षरं तीन. मूल बरोबर ऐकतंय, त्याला सुधारू नका. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही, त्यामुळे कान आणि लिपी यांत हा फरक राहतो, आणि तो मुलाला हळूहळू कळतो. यमकं जुळवा: काम, राम, शाम, पुढं काय? निरर्थक शब्द आला तर आणखी छान. पाच वर्षांपुढच्या मुलांशी शब्दांच्या भेंड्या खेळा. शब्दाचा शेवटचा आवाज पकडण्याचा इतका चांगला सराव दुसऱ्या कशात होत नाही.

अक्षरं दाखवायचीच तर मुलाच्या नावातल्या पहिल्या अक्षरापासून सुरू करा. देवनागरीत काही अडचणी आहेत आणि त्या पालकांना माहीत असाव्यात, म्हणजे ते मुलाला ढिला म्हणणार नाहीत. 'कि'मधली वेलांटी ऐकू येते 'क'नंतर, पण लिहिली जाते 'क'च्या आधी. 'र' तर अनेक रूपं घेतो: 'कर्म'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पोटात, 'राष्ट्र'मध्ये पायाशी, 'दऱ्या'मध्ये आणखी वेगळा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत मुलांची गल्लत होते ती चित्रं खरोखरच सारखी असतात म्हणून. गोष्ट वाचताना शीर्षकाखालून बोट फिरवा. छपाई डावीकडून उजवीकडे जाते, आपण बोलतो ते या खुणांमधून येतं, एवढं त्यातून न सांगता समजतं.

पालकांसाठी एक वाक्य

दर तासाला एकच. दोन सांगितली तर दोन्ही विसरतात. आणि ते आत्ताच करून दाखवलेल्या गोष्टीबद्दल असावं: 'आत्ता मी पान उलटण्याआधी थांबले ना, तसं घरी थांबून बघा, मूल पुढचं सांगतं का.' किंवा 'त्याच पुस्तकाचा हट्ट धरला तर वाचा, दहाव्यांदा वाचताना त्याला नवीन काहीतरी दिसतं.' ग्रंथपाल शिकवतोय असं वाटलं की माणसं आक्रसतात, म्हणून 'तुम्ही करत असालच' अशी सुरुवात मला जमते.

काही पालकांना वाचता येत नाही, आणि ते सांगत नाहीत. पुस्तक नको म्हणतात, चष्मा विसरला म्हणतात. त्यांच्यासाठी शब्द नसलेली चित्रपुस्तकं हाताशी ठेवा आणि सगळ्या पालकांसमोर त्यांचं कौतुक करा: 'हे माझं सगळ्यात आवडतं, यात गोष्ट आपण रचायची.' मग ते पुस्तक कुणीही निःसंकोचपणे घरी नेतं. अशा एका आजोबांनी माझ्या सतरंजीवर एकाच चित्रपुस्तकाच्या चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि मुलं हलली नाहीत.

पुस्तक घरी जायलाच हवं

तास संपताना देवघेवीची नोंद खोलीतच करा. बाहेरच्या रांगेत उभं राहायचं म्हटलं की कडेवर मूल असलेली आई निघून जाते. दाराजवळ, आज वाचलेल्या पुस्तकांसारखी पंधरा-वीस पुस्तकं काढून ठेवा.

अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांत शाळेआधी हजार पुस्तकं असा उपक्रम चालतो. आकडा ऐकून पालक दचकतात. रोज रात्री एक म्हटलं तरी पावणेतीन वर्षांत हजार होतात, आणि परत वाचलेलं पुस्तकही धरतात. वहीत एक-एक गोल रंगवायला मुलांना आवडतं. मात्र याची स्पर्धा करू नका. कुणाची किती झाली हा तक्ता भिंतीवर लावला की, जी घरं मागं असतात ती यायची बंद होतात.

जे येतच नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम इथं १९९२ मध्ये 'बुकस्टार्ट' हा उपक्रम सुरू झाला तो तीनशे बाळांना पुस्तकं देऊन. बॉस्टनमध्ये डॉक्टरांनी १९८९ मध्ये तपासणीला आलेल्या मुलांच्या हाती पुस्तकं द्यायला सुरुवात केली होती. लसीकरणाच्या खोलीबाहेर पालक तासभर बसलेले असतात. तिथं एक खोकं पुस्तकं, एक चटई आणि सभासदत्वाचे अर्ज घेऊन महिन्यातून एकदा बसा.

वाचायला लागलेल्या मुलांसाठी

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना 'आता तुझं तू वाच' म्हणून सोडून देणं ही आपली सगळ्यात मोठी चूक. अक्षरं जुळवण्यात त्यांची दमछाक होत असते आणि गोष्टीची भूक मात्र मोठी असते. त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणं चालू ठेवा, कित्येक आठवडे चालणारी मोठी गोष्ट घ्या, ऐन रंगात आल्यावर थांबवा. जोडीनं मोठ्यानं वाचायलाही बसवा. मूल अडखळलं की सोबतच्या मोठ्या माणसानं शब्द सांगायचा आणि पुढं जायचं, तिथं धडा घ्यायचा नाही.

लोकांसमोर वाचायला घाबरणारी मुलं लहान बाळांच्या गटाला पुठ्ठ्याची पुस्तकं वाचून दाखवतात तेव्हा त्यांचा आवाज मोकळा होतो. सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये प्रशिक्षित कुत्र्यांना वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला, त्यामागचं कारणही हेच: ऐकणारा चुका काढत नाही.

चित्रकथा, मालिका, किड्यांची माहिती, विनोद, जे हवं ते नेऊ द्या. 'हे तुझ्या वयाचं नाही' हे वाक्य बालविभागात कुणी उच्चारू नये, पालकांनीही.

नोंद काय ठेवायची

उपस्थिती लिहावीच लागते, ती लिहा. पण शेजारी तीन रकाने आणखी आखा: किती पुस्तकं घरी गेली, मागच्या वेळचे किती जण परत आले, आणि पालकांनी आपणहून काय सांगितलं. तिसरा रकाना अहवालात बसत नाही, तरी मला पुढच्या तासाची पुस्तकं तिथूनच मिळतात. परवाची नोंद अशी आहे: 'मुलगा रात्री दिवा घालवू देत नाही, घुबडाचं पुस्तक चार वेळा. आणखी घुबडं आहेत का विचारलं.' दोन सापडली आहेत, ती दाराजवळच्या खोक्यात सगळ्यात पुढं लावली आहेत.